सामनेवाला नंबर एक

माझ्या अपघाताच्या केसमध्ये दोन सामनेवाले होते. नंबर दोन विमा कंपनी आणि नंबर एक माझा सख्खा धाकटा भाऊ. मी अर्जदार.

वकिलांनी सहीसाठी कागद पुढे सरकवला तेव्हा मी भावाच्या नावापाशी थांबले. मी चौथीपर्यंत शिकलेली, त्यामुळे अक्षर लावता येत होतं. येत नसतं तर बरं झालं असतं, असं त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

"इथं चुकून ह्याचं नाव आलंय," मी म्हणाले.

वकील हसले. "चुकून नाही, बाई. गाडी त्याची, म्हणून नाव त्याचं. पैसे कंपनी देणार. त्याचं नाव नुसतं लिहायचं असतं."

मी शेजारी बसलेल्या मालकांकडे, म्हणजे माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. सातपूरच्या कारखान्यातली पाळी संपवून ते तसेच आले होते, अंगाला अजून तेलाचा वास होता. "कर सही," ते म्हणाले. मी डाव्या हाताने लिहायला नुकतीच शिकत होते. सही पहिलीतल्या पोरीसारखी वाकडी आली.

अपघात कसा झाला, हे सांगायचं तर आधी माझ्या माहेराबद्दल सांगावं लागेल. माहेर मखमलाबादच्या पुढे, मळ्यात. थोडा भाजीपाला आणि बाकी सगळी फुलं, त्यातही झेंडू जास्त. माझं लग्न झालं तेव्हा वडील वारले होते आणि भाऊ शाळेत होता. सासरी सगळ्या सुनांना दिवाळीला न्यायला मुराळी यायचे. कोणाचा भाऊ, कोणाचा चुलता. चहा व्हायचा, पिशव्या भरल्या जायच्या, गल्लीतल्या बाया ओट्यावरून बघायच्या. मला न्यायला कोणी येत नसे. पोर एवढं लांब एकटं कसं येणार आणि आई मळा सोडून कशी येणार? आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, मुद्दाम ओट्यावर येऊन रस्त्याकडे बघायच्या आणि आत येऊन म्हणायच्या, "कोणी दिसत नाय बाई. हिला माहेर हाय का भाड्यानं आणली व्हती?" जावा हसायच्या. मी चुलीकडे तोंड करून बसायचे. पुढे मालक मला बसने सोडून यायचे, पण तसं जाणं म्हणजे जाणं नव्हे. आपली माणसं न्यायला आली तर बाई माहेरी जाते. नाहीतर तिला नुसतं पोचवतात.

नव्वदच्या पुढे भाऊ मोठा झाला. फुलं शहरात न्यायला त्याने जुना टेम्पो घेतला. त्या वर्षी दिवाळीच्या पाडव्याला दुपारनंतर आमच्या गल्लीत हॉर्न वाजला. बाजारात माल देऊन तो तसाच सातपूरला आला होता. हातात पेढ्याचा पुडा, डोक्यात झेंडूच्या पाकळ्या. "अक्का, आवर लवकर," दारातूनच ओरडला. आत्याबाई ओट्यावर होत्या. त्यांनी टेम्पोकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "ये रे बाबा, बस. चहा टाक गं." त्यांच्या तोंडून माझ्या माहेरच्या माणसासाठी "चहा टाक" मी पहिल्यांदा ऐकलं. त्यानंतर तो दर दिवाळीला येत राहिला. गल्लीच्या तोंडापासूनच हॉर्न वाजवायचा. समोर रस्ता मोकळा असला तरी वाजवायचा. त्यालाही माहीत होतं तो कोणासाठी वाजवतोय ते.

अपघात झाला तोही पाडवाच होता. त्या दिवशी टेम्पोत पुढे गावचे दोन म्हातारे शेतकरी बसले होते. बाजारात फुलं देऊन परत निघाले होते. भाऊ म्हणाला, "अक्का, तू पुढं बस. एक बाबा मागं बसतील." मी नको म्हटलं. म्हाताऱ्या माणसाला मागं बसवायचं म्हणून नव्हे. परक्या पुरुषाला खेटून बसायचं, ते मला कधीच जमलं नाही. माझ्या लहान लेकीला पुढे भावाजवळ बसवलं आणि मी मागे रिकाम्या पाट्यांमध्ये बसले. एका पाटीत उरलेला झेंडू होता. भावाने तो आमच्या दाराच्या तोरणासाठी आणला होता, पण तोरण आधीच लावून झालेलं, म्हणून तो तसाच परत चालला होता.

कॅनॉलच्या कडेच्या रस्त्यावर समोरून मोटारसायकल आली. भावाने गाडी बाजूला घेतली आणि कडेची माती खचली. टेम्पो हळूच आडवा झाला, मला तरी तसंच वाटलं. मी तोल सावरायला टेम्पोच्या बाजूच्या फाळक्याला उजव्या हाताने धरलं होतं आणि तोच फाळका माझ्या हातावर आला. पुढच्यांना खरचटलं तेवढंच. लेकीला काही झालं नाही. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी हात वाचवला, बोटं गेली. एक अंगठा राहिला आणि त्याच्या बाजूचं अर्धं बोट.

भाऊ हॉस्पिटलच्या पायरीवर बसायचा, आत यायचा नाही. केसचं त्यालाच कोणीतरी सुचवलं. तोच मालकांना म्हणाला, "दाजी, करा केस. मी दर वर्षी इन्शुरन्स कशाला भरतो? कंपनी देईल." म्हणजे हे त्याच्या मनाविरुद्ध झालं नाही. पण कोर्टाची नोटीस घेऊन बेलिफ मळ्यात गेला तेव्हा त्याने पत्ता विचारत विचारत सगळं गाव जागं केलं. चावडीपासून मळ्यापर्यंत सगळ्यांना कळलं की ह्याच्यावर केस झाली आणि ती बहिणीने केली. भावजय मला नंतर म्हणाली, "अक्का, लोक ह्यांना विचारत्यात, सख्ख्या बहिणीनं खेचलं, मग परक्यानं काय करायचं? मी काय सांगू?" मी म्हणाले, "सांग, पैसे कंपनी देणार आहे." ती म्हणाली, "ते सांगितलं. लोक म्हणत्यात, मग नाव कंपनीचं लिहायचं व्हतं."

तारखा पडत गेल्या. मी सातपूरहून बसने येऊन सीबीएस स्टँडवर उतरायचे, भाऊ मळ्यातून यायचा. आम्ही दोघं कोर्टाच्या आवारात झाडाखाली भेटायचो. आई त्याच्याबरोबर भाकरी आणि ठेचा द्यायची आणि आम्ही एका फडक्यावर जेवायचो. एकदा वकिलांनी पाहिलं आणि धावत आले.

"अहो, तुम्ही एकमेकांविरुद्ध आहात. निदान कोर्टात तरी लांब बसा. कंपनीच्या वकिलाने पाहिलं तर म्हणेल दोघं मिळालेले आहेत."

भाऊ म्हणाला, "साहेब, फडकं एकच हाय. लांब बसून कसं जेवायचं?"

वकिलांना हसू आवरेना. मग आम्ही मध्ये जागा सोडून बसलो. भाऊ अर्धी भाकरी हातावर घेऊन उठला आणि अगदी लांब, नळापाशी जाऊन उभा राहिला. तिथून म्हणाला, "अर्जदार, ठेचा पाठवा." मला हसता हसता रडू आलं. पण गंमत तेवढीच. पुकारा झाला की पट्टेवाला माझं नाव घ्यायचा, मग "विरुद्ध" म्हणायचा, मग त्याचं. त्या एका शब्दाला मी कधी सरावले नाही. भाऊ पुढे होऊन "हजर" म्हणायचा आणि मी खाली बघायचे.

मधल्या काळात एकदा वकील खुशीत होते. दिल्लीच्या मोठ्या कोर्टाचा निकाल आला होता की मालवाहू गाडीत बसलेल्या माणसाला इजा झाली तरी कंपनीने पैसे द्यायचे. "आता तुमचं काम झाल्यात जमा," म्हणाले. भावाने येऊन आईला सांगितलं, आईने देवापुढे साखर ठेवली. पण आमची तारीख काही लवकर लागली नाही. तेवढ्यात त्याच कोर्टात आणखी जास्त जज्ज बसले आणि त्यांनी तो निकाल फिरवला. मालाची गाडी मालासाठी असते, तिच्यात फुकट बसलेल्या माणसाला कंपनी बांधील नाही.

"म्हणजे?" मालकांनी विचारलं.

वकील टेबलावरची काच पुसत राहिले. "म्हणजे कंपनी सुटते. जबाबदारी गाडीमालकावर येते."

खोलीत आम्ही चौघं होतो. गाडीमालक माझ्या शेजारी बसला होता.

मी म्हणाले, "मग केस परत घ्या."

मालक चिडले नाहीत. माझ्या हाताकडे बघून एवढंच म्हणाले, "आणि ह्याचं काय?" त्यांचंही खोटं नव्हतं. मी आता हार ओवत नव्हते, भाकरी थापत नव्हते. लेक दहाव्या वर्षी दोन्ही वेळचा स्वयंपाक करत होती.

वकिलांनी मग एक वाट सांगितली. कायद्यात एक सोय होती. माल ज्याचा, तो मालाबरोबर बसला असेल, तर त्याला कंपनी देते. "त्या दिवशी गाडीत फुलं होती ना?"

"एक पाटी होती," भाऊ म्हणाला.

"झालं तर. ती पाटी ताईंची. त्यांनी ती विकत घेतली होती आणि विकायला नेत होत्या. पोलिसांनी फक्त 'मागे बसलेली महिला' एवढंच लिहिलंय. कशासाठी बसली, ते कुठेच नाही."

 माणूस म्हणून बसले तर माझ्या हाताला किंमत नाही, झेंडूची मालकीण म्हणून बसले तर आहे. पण हे मला नंतर सुचलं. तेव्हा एवढंच कळलं की असं सांगितलं तर भाऊ वाचतो. त्याचा टेम्पो वाचतो आणि माझं माहेर वाचतं. मी मान हलवली.

भावाने माझी तयारी करून घेतली. झाडाखाली बसून वकिलासारखा आवाज काढून विचारायचा, "पाटी कुणाची?" मी म्हणायची, "माझी." "कशाला नेत होता?" "विकायला." "मोठ्यानं बोल, अक्का. कोर्टात पंखे असत्यात." मी घरीसुद्धा कधी मोठ्याने बोलले नव्हते. पण भावासाठी म्हणून घरी भांडी घासताना पुटपुटायची: पाटी माझी, विकायला नेत होते.

साक्षीच्या दिवशी आत्याबाईही आल्या. त्यांना कोर्ट बघायचं होतं. मालकांबरोबर मागच्या बाकावर बसल्या, डोक्यावरून पदर घेऊन. भाऊ दाराजवळ उभा होता. मी पिंजऱ्यात गेले आणि हात पदराखाली लपवला. न्यायाधीश म्हणाले, "हात दाखवा बाई, त्याचीच केस आहे." सगळे बघायला लागले. मी हात बाहेर काढून कठड्यावर ठेवला, जसा काही दुसऱ्याचा होता.

आमच्या वकिलांनी विचारलं ते मी नीट सांगितलं. पाटी माझी. विकायला नेत होते. मग कंपनीचे वकील उठले. वयस्कर होते, आवाज मऊ, बोली आमच्याच भागातली.

"ताई, घाबरू नका. सासरी शेती आहे?"

"नाही."

"मग फुलं कुठली?"

"भावाकडून घेतली."

"आणि विकणार कुठे होता?"

"गावात. तिठ्यावर."

"तुमच्या माहेरच्या गावात? जिथं घरटी झेंडू आहे?"

कोर्टात सगळे हसले. टायपिस्टसुद्धा हसला. तरी मी "हो" म्हणाले. ते वकील मात्र हसले नाहीत.

"पाडव्याच्या दिवशी?"

"हो."

"म्हणजे दिवाळीला तुम्हाला माहेरी न्यायला कोणी आलं नव्हतं. तुम्ही आपल्या धंद्याला चालला होता."

हे आम्ही झाडाखाली घोकलं नव्हतं.  मागच्या बाकावर आत्याबाईंच्या बांगड्या वाजल्या.

"बोला ना ताई. दिवाळीला भाऊ न्यायला आला नव्हता, असं लिहून घेऊ का?"

नुसतं "घ्या" म्हणायचं होतं. आमच्या वकिलांनी माझ्याकडे बघून डोळे हलकेच मिटले, म्हणजे म्हणा. भाऊ दारात उभा होता आणि त्याची मान मला हो म्हणत होती. पण माझ्या डोळ्यांपुढे तो ओटा आला आणि रस्त्याकडे बघणाऱ्या आत्याबाई आल्या. न्यायला कोणी आलं नाही, असं माझ्याच तोंडून, सरकारी कागदावर, सासरच्या माणसांसमोर. माझ्या जिभेला ते जमेना.

"आला होता," मी म्हणाले.

"कोण?"

"भाऊ. दर वर्षी येतो. गाडी घेतल्यापासून एक दिवाळी चुकली नाही त्याची."

मोठ्याने बोलले. पंख्याच्या वरताण. टायपिस्टची बोटं टकाटक चालली. वकील म्हणाले, "बरोबर आहे. भाऊ न्यायला येणारच. एवढंच विचारायचं होतं," आणि खाली बसले. त्यांच्या घरात बहिणी असणार. काय विचारलं म्हणजे बाई खोटं बोलू शकणार नाही, ते त्यांना पुस्तकातून कळलं नसणार.

मी खरं बोलले, असं नंतर काही जण म्हणाले. मला ते ऐकवत नाही. खऱ्यासाठी मी बोललेच नव्हते. माझ्या माहेराची शान राहावी म्हणून बोलले आणि त्याच वेळी माहेर बुडवलं.

बाहेर आल्यावर भाऊ म्हणाला, "चहा घेऊ." आम्ही टपरीवर उभे राहिलो. तो गरम चहा एकदम प्यायला. "चल, जाऊ दे," म्हणाला. "तू 'नाय आला' म्हणाली असती तर मलाच कसंतरी झालं असतं." मला वाटतं तो हे मला बरं वाटावं म्हणून म्हणाला. घरी जाताना आत्याबाई बसमध्ये माझ्या शेजारी बसल्या. उतरताना म्हणाल्या, "मला कशाला आणलं तिथं?" मी त्यांना आणलं नव्हतं.

निकाल लागला. मला भरपाई मंजूर झाली. मालवाहू गाडीतली फुकट प्रवासी म्हणून कंपनी जबाबदार नाही, पण अर्जदाराचे हाल नकोत म्हणून कंपनीने आधी रक्कम भरावी आणि मग ती गाडीमालकाकडून वसूल करून घ्यावी. वकिलांनी हे असं सांगितलं जणू त्यांनीच जिंकलं. "तुमचे पैसे तुम्हाला मिळाले, बाई. आता त्यांचं ते बघतील." रक्कम कोर्टाने माझ्या नावाने बँकेत ठेवायला सांगितली. कोर्टाच्या परवानगीशिवाय मला ती हलवता येणार नव्हती. मी विचारलं, भावाला देऊन टाकते म्हटलं तर? वकील म्हणाले, "जज्जसाहेब म्हणतील, मग केस केली कशाला?"

कंपनीचा माणूस मळ्यात दोनदा गेला. जप्तीची वाट न बघता भावाने टेम्पो विकला, आणि वर आईच्या अंगावरचं काय काय गेलं ते मला कोणी सांगितलं नाही. आईच्या गळ्यातली सोन्याची माळ दिसेना तेव्हा मीच विचारलं नाही. त्यानंतर त्याची फुलं दुसऱ्यांच्या गाडीत जायला लागली. ज्याची गाडी तो आपला माल आधी भरतो, म्हणून त्याचा माल उशिरा पोचायचा आणि उरलेल्या भावात जायचा.

मी एकदा गेले तेव्हा भावजय विहिरीपाशी भेटली. तिने माझ्या हातातली पिशवी घेतली आणि तिथंच थांबली. "अक्का, तुमच्यावर राग नाय. खरंच नाय. पण थोडे दिवस येऊ नका. निकालापासून ह्यांना तुमचा हात दिसला की जेवण जात नाय. पान तसंच ठेवून उठत्यात." मी विहिरीवरूनच परत फिरले. आई घरात होती, तिला कळलंही नाही.

पुढची दिवाळी मी सातपूरलाच काढली. त्यानंतरच्या वर्षी आत्याबाई म्हणाल्या, "आता तुला न्यायला कोण येईल? जा आपली. मायचं वय झालं." त्यात टोमणा होता की नव्हता, मला कळलं नाही. मी लेकीला घेऊन बसने गेले.

भाऊ ओट्यावर पाट्या विणत होता. मला बघून उठला, "आलीस," म्हणाला आणि दुसरीकडे बघायला लागला. आईने भाऊबिजेचं ताट तयार केलं. तो पाटावर बसला, टोपी घालून. मी डाव्या हाताने ताट धरलं आणि उजव्याच्या अंगठ्याचा टेकू दिला. निरांजन थरथरायला लागलं. पदराखाली लपवायला आता जागाच नव्हती, हात त्याच्या तोंडासमोरून फिरत होता. तो खाली बघत होता. दुसऱ्या फेरीला त्याने मान वर केली आणि हात बघितला. केस उभी राहिल्यापासून, एवढी वर्षं एका फडक्यावर जेवून, नीट असा पहिल्यांदाच. मी ओवाळणं थांबवू शकत नव्हते आणि तो उठू शकत नव्हता.

मग त्याने खिशात हात घातला आणि ताटात ओवाळणी टाकली. टेम्पो होता तेव्हा टाकायचा तेवढीच. नोट जुनी होती, तिला फुलांचा ओला वास होता. भावजय चुलीपाशी होती. तिने पाहिलं आणि लगेच पाठ फिरवून तवा सारखा करायला लागली.

बँकेत त्याचेच पैसे माझ्या नावावर पडलेले होते. ओवाळणी नको म्हणता येत नाही, भावाचा अपमान होतो. मी ती नोट पदराच्या टोकाला बांधली. गाठ मारता येईना, तेव्हा लेकीने मारून दिली. मग सगळे जेवायला बसलो. भाऊही बसला. त्याने पान तसंच ठेवलं नाही, पण मान खाली घालून जेवला, आणि मीही.